तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, मला काढलं ते बरोबर का?

लग्नात भेटू दे नाहीतर मयतीला, लोक फिरून तेच विचारतात, की चर्चची शिकवण ज्याला पटत नाही त्याला काढलंच पाहिजे की नाही, आणि तुला काढलं तरी तू दर रविवारी तिथंच का जातेस. एकदाचं लिहूनच टाकते.

काय घडलं ते कोल्हापुरातल्या आपल्या सगळ्या मंडळींना माहीत आहे. बाप्तिस्मा न घेतलेला प्रत्येक माणूस नरकात जातो असं संडे स्कूलच्या पोरांना शिकवायला मी नाही म्हटलं. माझ्या आईची आई शेवटपर्यंत दर शुक्रवारी अंबाबाईला जायची, तिचं काय करायचं ते देव बघेल, मी पोरांसमोर निकाल देणार नाही, एवढंच बोलले. सेशनने, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळानं, लेखी मागितलं, मी दिलं नाही, सभासदांच्या यादीतून नाव गेलं.

त्या पत्राचं एवढं वाटलं नाही. पुढचा प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायचा, रविवार आला, मी बाकाच्या कडेला, शेजारी आई. भाकरीचं ताट घेऊन जे एल्डर, म्हणजे सेशनमधले वडीलधारे, आले त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, त्यांनी माझ्याकडं न बघता वाकून माझ्या मांडीवरून हात लांब केला आणि ताट थेट आईकडं दिलं. त्यांचा हात थरथरत होता, हेही सांगायला पाहिजे. आईनं तुकडा घेतला, पण पाळकसाहेबांनी खा म्हटल्यावर सगळ्यांनी खाल्ला आणि हिची मूठ तशीच मिटलेली. घरी आल्यावर रुमालातनं तो तुकडा निघाला, तिला तो खाववेना आणि टाकवेना पण. माझी आजी म्हणजे तिची आई हो, हे त्या मीटिंगमध्ये एकाच्याही ध्यानात आलं नसेल?

आता मताचं. आमच्यातल्या एका पोरानं दुसऱ्या फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या पंथाच्या मंडळीत, जाऊन पाण्यात बुडून परत बाप्तिस्मा घेतला तेव्हा मीच म्हणाले होते, नियम पटत नसतील तर राहू नये. त्यातलं थोडं मला अजूनही पटतं. शिकवायचं काय ते मंडळीनं ठरवावं, माझा वर्ग काढून घेतला त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रभूचं ताट सेशनचं नाही. बायबलमधला मत्तय १८ वा अध्याय मला सारखा दाखवतात, तिथं अपराध करणाऱ्या भावाची गोष्ट आहे, वेगळं मत असणाऱ्याची नाही. तीताच्या पत्रात मात्र तट पाडणाऱ्याला दूर ठेवा असं आहे, त्यावर माझ्याकडं पक्कं उत्तर नाही, मी तट पाडला नाही एवढंच म्हणू शकते. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी १९१७ मध्ये मिशन सोडलं आणि देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोघांनाही त्यात जागा. त्या रविवारीसुद्धा आम्ही टिळकांचंच गीत म्हटलं.

केस कर म्हणणारे पण आहेत, २०१६ चा बहिष्काराचा कायदा आहे ना म्हणून. पण मला कुणी वाळीत टाकलेलं नाही, नाताळचा फराळ येतो की घरी. आणि धर्माच्या कारणावरून बाहेर काढणं बंद करणारा मुंबईचा १९४९ चा कायदा सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्ये रद्दच केला. तसंही कोर्टाच्या हुकमानं मिळालेली भाकर मला नको.

जाते कारण माझा बाप्तिस्मा तिथला, बाबांची मयत तिथून निघाली. आता निरोप आलाय की लिहून दे, परत घेतो. परत शिकवणार नाही असं लिहून द्यायला मी तयार आहे. आजीबद्दल काही लिहिणार नाही.