नक्की?

जिना उतरून खाली आलो की बरोबरचं माणूस सहज विचारतं, "कुलूप लावलंस ना?" तोवर मला शंभर टक्के खात्री असते. प्रश्न कानावर पडला की ती घसरून ऐंशीवर येते. वर दाराला काहीच झालेलं नसतं. कुलूप जसं होतं तसंच असतं. मग माझे वीस टक्के गेले कुठे?

आपल्या भाषेत विचारण्याच्या तऱ्हेवरही बरंच ठरतं. 'लावलंस ना?' मध्ये विश्वास असतो, 'लावलंस का?' कोरं असतं. पण 'लावलं होतंस का?' असं कुणी फोनवर विचारलं, तर समजावं की काहीतरी झालंय.

शाळेत आम्हाला गणिताला एक बाई होत्या. उत्तर आलं की चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायच्या, "नक्की?" पहिला महिनाभर आम्ही पटापट उत्तरं बदलायचो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बरोबर उत्तरालाही बाई तेच विचारतात, आणि त्या शब्दाची सगळी दहशतच गेली. पुढच्या वर्षीचे सर मात्र चूक दिसली तरच 'नक्की?' म्हणायचे. ते विचारणं म्हणजे लाल फुलीच.

समजा, कुणी या दोघांच्या मधलं असतं. प्रत्येक चुकीच्या उत्तराला 'नक्की?', आणि बरोबर उत्तरांपैकी चारांतल्या एकाला. माझी शंभरातली ८० उत्तरं बरोबर येत असतील, तर २० चुकांवर २० वेळा प्रश्न येणार आणि ८० बरोबर उत्तरांवरही २० वेळाच. म्हणजे 'नक्की?' ऐकल्यावर माझी खात्री ८० वरून ५० वर यायलाच हवी. हा हिशेब थॉमस बेझ नावाच्या पाद्र्याच्या वाटेने जातो. त्याचा निबंध तो गेल्यावर, १७६३ साली छापला गेला. थोडक्यात काय, प्रश्नापेक्षा विचारणाऱ्याची खोड ठाऊक असणं महत्त्वाचं.

तीन दारांच्या त्या प्रसिद्ध कोड्याचंही तेच. एका दारामागे मोटार, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, सूत्रसंचालक दुसरं एक उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, "बदलायचंय?" अमेरिकी स्तंभलेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी १९९० साली आपल्या सदरात 'बदला, तीनांतल्या दोन वेळा जिंकाल' असं लिहिलं, तेव्हा हजारो वाचकांनी, त्यात गणिताच्या प्राध्यापकांनीही, त्यांनाच चुकीचं ठरवलं. त्यांचं बरोबर होतं, फक्त सूत्रसंचालकाने दर वेळी बकरी दाखवून विचारलं पाहिजे. ज्याच्या नावाने हे कोडं ओळखलं जातं त्या माँटी हॉल या टीव्हीवरच्या सूत्रसंचालकाने १९९१ मध्ये एका पत्रकाराला याची दुसरी बाजू खेळूनच दाखवली. पाहुण्याने मोटारीचं दार निवडलं असेल तेव्हाच 'बदलायचंय?' विचारायचं, मग बदलणारा दर वेळी बकरीच घेऊन जातो.

आणि विचारणाऱ्याला काहीच ठाऊक नसेल तर? ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या लेखात एका चक्राची हकिगत दिली आहे. चक्र फिरवून आलेला आकडा दाखवायचा आणि विचारायचं: संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण याहून जास्त की कमी? मग नेमका अंदाज सांगा. चक्रावर १० आलेल्यांचा अंदाज २५ टक्क्यांच्या आसपास, ६५ आलेल्यांचा ४५ च्या. चक्राला आफ्रिकेतलं काय कळतंय, पण प्रश्नात आलेला आकडा डोक्यात घर करून बसला.

सगळ्यात बेभरवशाचं विचारणारं माणूस मात्र माझ्याच डोक्यात राहतं. ते रोज, दुसऱ्या जिन्यावर, 'कुलूप लावलंस का?' विचारतं. रोज विचारतं म्हणजे बाईंच्या 'नक्की?'सारखंच, त्याला काडीची किंमत देऊ नये. हिशेब असा चोख सांगतो. तरी परवा मी दोन जिने चढून परत गेलो. कुलूप व्यवस्थित लागलेलं होतं. किल्ली त्यातच लटकत होती.