माऊसाठी विणलेला उंदीर

मांजरींसाठी खेळणी विणायला ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून कॉटनचा दोरा आणला की मी आधी कागदावर आकार काढते, कारण मांजरीला गोंडस तोंडाशी काही घेणंदेणं नसतं, तिला पुढच्या पंजात धरून मागच्या पायांनी लाथा घालता येतील असं लांबट काहीतरी हवं असतं, म्हणून माझा मासा उंदरापेक्षा लांब असतो. सुई बारीक, टाके घट्ट, नाहीतर आतला कापूस बाहेर येतो. डोळ्यांना मणी, बटणं अजिबात नको हां, धाग्यानेच भरायचे, शेपूट पण आखूडच ठेवायची, गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते. आत चिमूटभर कॅटनिप, म्हणजे मांजरींना धुंदी आणणारी पुदिन्याच्या कुळातली वाळवलेली पानं. ते साधारण ३ पैकी २ मांजरींनाच चढतं, अनुवंशिक असतं ते. आता पाल विणायचीय, तिच्या पायांचं डिझाईन चाललंय.