हक्कसोडाच्या दस्तावर मावशींची सही

रजिस्टर ऑफिसात साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "राजीखुशीनं करताय ना?" माणूस "हो" म्हणतो, कॅमेऱ्याकडे बघतो, अंगठा ठेवतो, की पुढचं टोकन. समोर बधिर माणूस असला तर हाच प्रश्न भावाला नाहीतर नवऱ्याला विचारला जातो. भाऊ बहिणीकडे बघून मान हलवतो, बहीणही हलवते. कबुली झाली.

त्या मान हलवण्याबद्दल मला लिहायचंय. ज्यांची ही गोष्ट आहे त्या मावशींना विचारूनच लिहितेय. गाव, जमीन, नाती यांचे तपशील बदललेत.

मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. माझे आई-वडील दोघंही बधिर, त्यामुळे ही भाषा मी बोलायला लागण्याआधीच शिकले. रीतसर पदविका पुढे केली. या कामात बाहेरच्यांना सहसा माहीत नसतात अशा दोनतीन गोष्टी आधी सांगते. कपडे एकरंगी आणि गडद, म्हणजे हात उठून दिसतात; बांगड्या नाहीत. मी बधिर माणसाशेजारी बसत नाही, बोलणाऱ्याच्या बाजूला उभी राहते, म्हणजे साहेबांचा चेहरा आणि माझे हात त्यांना एका नजरेत दिसतात. आणि खोलीत जे कानावर पडतं ते सगळं हातांवर येतं: कुजबूज, मागच्या माणसाची चिडचिड, शिवीसुद्धा. ऐकणाऱ्याला जे ऐकू आलं असतं ते त्यांनाही मिळालंच पाहिजे. हा नियम लोकांना ठाऊक नसतो.

आमच्या जिल्ह्यातल्या बधिर संघाचा क्लब दर रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात भरतो. खुर्च्या गोलात, मध्ये काही ठेवायचं नाही, सगळ्या ट्यूब चालू. सगळ्यांचं लक्ष हवं असेल तर दाराजवळचं बटण चालू-बंद करायचं. कॅरम असतो, चहा असतो, पण लोक येतात ते बातम्यांसाठी. आमचे सेक्रेटरी छापखान्यातले जुने कंपोझिटर. ते आठवडाभराची वर्तमानपत्रं वाचून येतात आणि उभं राहून सांगतात. घरी टीव्हीसमोर सगळे हसतात तेव्हा "नंतर सांगतो" एवढंच ऐकलेली माणसं इथे दीड तास बातम्या बघतात, वाद घालतात, प्रश्न विचारतात. वर्ग बंद झाल्यावरही हलत नाहीत, रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी राहतात, कारण अंधारात बोलता येत नाही. दिव्यांगाचं कार्ड, रेल्वेची सवलत, संजय गांधी योजनेचा हयातीचा दाखला, ही कामंही तिथेच होतात. पण कुणी मला क्लबचा उपयोग विचारला तर मी आधी बातम्या सांगते.

मावशी या क्लबात माझ्या जन्माआधीपासून येतात. आमच्याकडे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, त्यांचं नाव हनुवटीवरच्या तिळावर टेकवलेलं बोट. शिक्षण सातवीपर्यंत, तेही हात बांधून बसायला लावणाऱ्या शाळेत. 1880 साली मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि बधिर मुलांना खुणा न शिकवता ओठ वाचायला आणि बोलायला शिकवावं असं ठरलं. ते खूळ जगभर पसरलं, आपल्याकडच्या शाळांतही रुजलं. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला तो 2010 मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेत. तोवर मावशींचं शिक्षण कधीच संपलं होतं. ओठ वाचता येतात म्हणजे सगळं कळतं, असं घरच्यांना वाटतं. आरशासमोर बाप, माप, पाप म्हणून बघा, ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. बाकीचं अंदाजानं भरायचं, आणि अंदाज चुकला की समोरचा वैतागतो. मग माणूस मान हलवायला शिकतो. अडाणीपणामुळे नव्हे, समोरच्याचा त्रास वाचावा म्हणून. मी स्वतःच्या आईला दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे अशी मान हलवताना बघितलंय.

एका रविवारी मावशींनी सहज सांगितलं, भाऊ बुधवारी न्यायला येणार आहेत, बाबांच्या बँकेच्या पैशाचा कागद आहे, सही करायची. सेक्रेटरींनी विचारलं, कुठल्या बँकेत? मावशींनी तालुक्याचं नाव सांगितलं आणि कचेरीची खूण केली. बँकेच्या कागदाला कचेरीत कशाला जायचं? सेक्रेटरींनी मला रात्री व्हिडिओ कॉल केला.

बुधवारी मी तिथे पोचले तेव्हा सर्व्हर बंद होता, आवारात लग्नाला असावी तशी गर्दी. मावशींचे दोन्ही भाऊ, दस्त लिहिणारा आणि दोन ओळखदार बाकावर बसलेले. दस्त माझ्या हातात आला. पाचशेच्या स्टॅम्पवर हक्कसोड, लिहून देणार मावशी, लिहून घेणार दोघे भाऊ. वडिलांची शेती आणि गावातलं घर, दोन्हींतला हक्क कायमचा सोडला. बँकेचा कुठे उल्लेख नाही.

थोरला भाऊ वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणेन. म्हाताऱ्या वडिलांचं त्यानंच केलं. पण तो सहज म्हणाला, "आवो म्याडम, घरातलीच हाय की. आम्ही सांगतो तिला आमच्या खुणांनी, लहानपणापासनं सांगतोय." आणि मग दस्तवाल्याकडे वळून, मावशी समोर बसलेल्या असताना, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तिला काय कळतंय? सही घ्या आन् मोकळं करा."

मी ते खुणांनी सांगितलं. शब्द होते तसेच, कोण बोललं त्याच्याकडे बोट करून.

मावशींच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "हा असं नेहमी बोलतो?" मी तो प्रश्न मराठीत मोठ्यानं भावाला विचारला. तो गप्प झाला. धाकटा उठून पाणी प्यायला गेला. इतकी वर्षं जे तिच्यासमोर बोललं गेलं आणि तिच्यापर्यंत पोचलं नाही, ते त्या एका क्षणात दोघा भावांना आठवलं असावं, असं मला वाटतं.

साहेबांनी आधी नकार दिला. घरचे आहेत ना, तुमची गरज काय? दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 13 याची छापील प्रत माझ्या पिशवीत कायम असते. दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखाच मालमत्तेचा हक्क आहे, आणि मदत करणाऱ्याचा आणि तिचा हितसंबंध एखाद्या व्यवहारात एकमेकांविरुद्ध जात असेल तर त्या व्यवहारात त्यानं मदत करू नये, असं ते कलम सांगतं. जो लिहून घेणार आहे तोच लिहून देणारीचा दुभाषी कसा, एवढंच मी विचारलं. साहेबांनी कलम दोनदा वाचलं. आपण हे पहिल्यांदाच बघतोय असं सरळ सांगितलं आणि टोकन मागे ठेवलं. असा अधिकारी मिळणं हा नशिबाचा भाग झाला, व्यवस्थेचा नव्हे. अशा कचेरीत दुभाषी कुठून बोलवायचा, त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे सांगणारा कागद त्यांच्याकडे नव्हता.

आत साहेबांच्या पाठीमागे खिडकी, त्यामुळे त्यांचा चेहरा काळा दिसत होता. आम्ही बाहेर व्हरांड्यात उजेडात बसलो. सेक्रेटरींना मोबाइलवर घेतलं, कारण मावशींच्या पिढीच्या काही खुणा त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या कळतात आणि समोर दुसरा बधिर माणूस असला की बोलणं मोकळं होतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं 2021 मध्ये दहा हजार शब्दांचा सांकेतिक भाषेचा कोश काढलाय, त्यात कायद्याचे शब्दही आहेत, आणि तो मला रोज लागतो. पण कोशातली खूण मावशींना माहीतच नसेल तर ती दाखवून उपयोग काय? म्हणून मी मांडून दाखवलं. उजवीकडे वर बाबा. समोर मांडीच्या उंचीवर शेत, दोन्ही तळव्यांनी पसरलेलं. त्याच्या पलीकडे घर. बाबा गेले. शेताचे तीन तुकडे: हा थोरल्याचा, हा धाकट्याचा, हा तुझा. घराचेही तीन. बाबांच्या कमाईचं असो की वाडवडिलांचं, मुलीचा वाटा मुलाएवढाच. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेतही तो समान झाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी पक्कं केलं. मग: सही केलीस, तर तुझे तुकडे उचलून भावांकडे, परत नाही. सही नाही केलीस, तर तुझे तुझ्याकडे.

"समजलं का?" हा प्रश्न मी कधी विचारत नाही. त्याचं उत्तर मान हलवणं हेच असतं. मी म्हणते, आता तू मला सांग. मावशींनी पहिल्यांदा सांगितलं ते असं: बाबा, वारले, बँक, पैसे, तिघांना. म्हणजे आठवडाभर घरात पेरलेली गोष्टच वर आली. मी पुन्हा मांडलं. दुसऱ्यांदा शेत आलं, पण "परत नाही" आलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या हातांनी स्वतःचा तुकडा उचलला, भावाच्या जागी ठेवला, परत ओढायला गेल्या आणि हात मध्येच थांबवला. "नाही येणार?" नाही येणार. त्यानंतर प्रश्न सुरू झाले. बाबांनी असं सांगितलं होतं का? आत्ताच का? सही नाही केली तर दिवाळीला बोलावतील का? शेवटचा प्रश्न मी थोरल्याला विचारला. "असं कसं म्याडम, बहीण हाय ती," एवढंच तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, आणि तेही मला मावशींना सांगावं लागलं.

मावशींनी ठरवलं: शेत सोडते, घर नाही. घरातला वाटा माझाच राहील. म्हातारपणी नवरा नसला तर जाऊन राहायला एक खोली पाहिजे.

दस्त नव्याने लिहिला गेला, काही दिवसांनी सही झाली, मी पुन्हा गेले. साहेबांनी या वेळी प्रश्न मावशींकडे बघून विचारला आणि उत्तर त्यांच्या हातांकडून घेतलं. दस्तात काय सोडलं आणि काय नाही हे मावशींनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, मी ते आवाजात केलं.

माझं काम तिथे संपायला हवं होतं. ते संपलेलं नाही.

क्लबातल्या बायका माझ्यावर चिडल्या. दीड एकर सोडलं, आणि तू बघत राहिलीस? मी म्हटलं, सल्ला देणं माझं काम नाही, तिच्यापर्यंत सगळं पोचवणं माझं काम. त्या म्हणाल्या, आयुष्यभर जिला कुणी काही सांगितलं नाही तिला एका सकाळी सगळं सांगितलं, आणि तिनं भावांना धरून ठेवायला शेत दिलं. याला राजीखुशी म्हणायचं? मला उत्तर देता आलं नाही. ऐकणाऱ्या कितीतरी बहिणी माहेर तुटू नये म्हणून अशीच सही करतात, डोळे उघडे ठेवून. मग मावशींकडून जास्तीची हिंमत मागायचा मला काय हक्क?

मला छळणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. आमच्या भाषेत चेहरा हे व्याकरण आहे. भुवया वर गेल्या की विधानाचा प्रश्न होतो, "जर"सुद्धा भुवयांतच असतो. चेहरा कोरा ठेवून ही भाषा बोलताच येत नाही. मी मावशींच्या मांडीवर वाढलेय. "सही केलीस तर" आणि "नाही केलीस तर" या दोन बाजू माझ्या चेहऱ्यावर खरोखर सारख्या होत्या का? सेक्रेटरी म्हणतात, मी फोनवर बघत होतो, सारख्याच होत्या. बायका म्हणतात, सारख्या होत्या हेच चुकलं. ओळख नसलेला दुभाषी आणावा म्हटलं, तर जिल्ह्यात दुसरं आहे कोण?

आता संघातर्फे नोंदणी विभागाला पत्र जायचंय. दोन मागण्यांवर सगळ्यांचं एकमत आहे: लिहून देणारा बधिर असेल आणि त्यानं मागितला तर दुभाषी मिळावा, आणि त्यानं स्वतःच्या भाषेत दिलेली कबुली व्हिडिओसह दस्तासोबत जपली जावी. तिसरीवर गाडी अडलीय: लिहून घेणाऱ्या नातेवाइकाला दुभाषी होऊ देऊ नये. सेक्रेटरींना हे हवंच आहे. माझी आई विरोधात आहे. ती म्हणते, खेड्यात दुभाषी येणार नाही, मग आमचे दस्तच होणार नाहीत, घरं, प्लॉट, मुलांच्या नावावर करायची जमीन, सगळं अडेल. शिवाय कलम 13 मध्येच म्हटलंय की केवळ रक्ताचं नातं आहे म्हणून हितसंबंध विरोधी धरायचे नाहीत. सेक्रेटरींचं उत्तर, लिहून घेणारा म्हणजे केवळ नातेवाईक नव्हे. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, भावानं सांगावं, पण तिसऱ्या कुणीतरी बघत राहावं.

हे वाक्य मसुद्यात कसं लिहायचं यावर मागचा रविवार गेला. येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.