चित्र तिकडे, आवाज इकडे

टीव्हीवर ताईच्या लग्नातल्या मंगलाष्टका चालू, आणि आवाज येतोय माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमधून. तोही डासाच्या गुणगुणीएवढा.

बाबांनी रिमोटने आवाज ६० वर नेला. काही नाही. मी लॅपटॉप टीव्हीला जोडणारी एचडीएमआय केबल काढून घातली, फुंकर मारली (फुंकरीने काय होतं कुणास ठाऊक, पण मारायची). जुनी व्हीजीए केबल असती तर समजलं असतं, तिच्यातून फक्त चित्र जातं, आवाजाला वेगळी वायर लागते. पण हिच्यातून दोन्ही जातं ना!

शेवटी विंडोजच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं. आवाज कुठे पाठवायचा त्या आउटपुटच्या यादीत टीव्हीचं नाव निमूट बसलेलं. ते निवडलं मात्र, ‘सावधान’ने घर दणाणलं. रिमोटचे ६० तसेच होते की!

आई कानावर हात ठेवून हसत म्हणाली, "म्हणजे वायर जोडलेलीच होती. कुणाशी बोलायचं, एवढंच त्याला सांगायचं राहिलं होतं."

तेच डोक्यात घोळतंय. रोज रात्री मी याच सोफ्यावर, या दोघांच्या मधे बसतो. कानात इअरफोन घालून.

तुमच्याकडे काय असतं हो जेवणं झाल्यावर?