शनिवारची उपासना

"आमच्या चर्चच्या मंडळीने एक कुटुंब परदेशी सेवेला पाठवलंय. पैसे तर देतोच, आणखी काय करावं?" हे मला बरेचदा विचारतात, कारण आम्ही दोघं अकरा वर्षं नेपाळच्या डोंगरात एका दवाखान्यात राबून परतलो. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

आधी तिथला वार बघा. नेपाळात सुट्टी शनिवारी आणि उपासनाही शनिवारीच. आमची मंडळी मात्र रविवारी उपासना सुटली की हौसेने व्हिडिओ कॉल लावायची. पलीकडे चाळीस जण हात हलवतायत आणि इकडे मी बीपीचा पट्टा हातात धरून हसतेय, मागे पेशंटची रांग. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि भिडेपोटी आम्हीही कधी बोललो नाही.

संडे स्कूलच्या एक बाई तेवढ्या शुक्रवारी रात्री फोन करायच्या. सेवा कशी चाललीय, किती लोक येतात, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. "दाढ काढलीस का गं? भाजीला काय मिळतं तिकडे?" बस. पहिल्या वर्षी आमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची यादी दोन पानी होती. सातव्या वर्षी फोन उरला तो या बाईंचा. इंग्लंडच्या बॅप्टिस्ट मिशनने भारतात पाठवलेल्या विल्यम केरीने 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यामुळे तो आपल्याला ठाऊक असतो. पण 1792 पासून 1815 साली मरेपर्यंत त्या मिशनचं चिटणीसपद सांभाळत, निधीसाठी गावोगाव फिरलेला अँड्र्यू फुलर किती जणांना आठवतो?

पैशाचं म्हणाल, तर रक्कम थोडी असली तरी चालेल, तारीख चुकवू नका. नाताळात भरघोस अर्पण यायचं आणि मे महिन्यात घरभाड्याची ओढाताण व्हायची. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका 1910 पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्यात. रोज घर जेवणार, म्हणजे रोज मूठ निघणार. याला खजिनदाराच्या उत्साहाची गरज पडत नाही.

आणि फोटो! नेपाळात धर्मांतर करवणं कायद्याने गुन्हा आहे. आमच्या मंडळीच्या ग्रुपवर एकदा तिथल्या मंडळीतल्या एका बहिणीचा फोटो नावासकट फिरला. तो पुसून घेईपर्यंत दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

परतल्यावर सत्कार झाला, शालही मिळाली. मुलीला स्टेजवर उभं करून नेपाळीत बायबलचं वचन म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मराठीच्या तासाला ती रडत बसली, ते कुणाच्या गावीही नव्हतं.

पण आम्ही आलो त्या रात्री भाड्याच्या घराचं कुलूप उघडलं, तेव्हा पिंप भरलेलं होतं. ओट्यावर दुधाची पिशवी, गोड्या मसाल्याचा डबा आणि गॅसवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. अक्षर त्या बाईंचं.