शेवटचं पान आधी: भांडारकर संस्थेतली एक सकाळ

पुण्यात नळ स्टॉपला उतरून लॉ कॉलेज रोडने चालताना आत्याने दोनदा विचारलं, "पोथीला हात लावू देतील का रे?" घरची ज्ञानेश्वरी ती अजून लाल फडक्यात बांधून ठेवते, त्यामुळे काळजी खरी होती.

जाणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगतो. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत "चित्रांची पोथी बघायची आहे" एवढंच म्हणून उपयोग नाही. वर्णनात्मक सूचीतून पोथीचा क्रमांक काढा, फोन करून वेळ विचारा, कामाचं स्वरूप सांगणारं पत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. संस्था 1917 ची, पण मुंबई सरकारने जमवलेल्या पोथ्या 1918 मध्ये डेक्कन कॉलेजातून इथे आल्या. म्हणून क्रमांकात पोथी जमवल्याचं वर्षही असतं. भूर्जपत्रावरचा (भूर्ज झाडाच्या सालीवरचा), काश्मीरच्या जुन्या शारदा लिपीतला ऋग्वेद, क्रमांक 5/1875-76, हा संस्कृतचे जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी काश्मीरहून आणलेला. युनेस्कोने 2007 मध्ये नोंदवलेल्या 30 ऋग्वेद पोथ्यांत तोही आहे. इतक्या नाजूक पोथ्या मूळ रूपात मिळतीलच असं धरून जाऊ नका.

आम्ही कल्पसूत्र, म्हणजे तीर्थंकरांची चरित्रं सांगणारा जैन ग्रंथ, बघायला गेलो होतो. लाल पार्श्वभूमी, निळा, सोनं, आणि बाजूने काढलेल्या चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला तो दुसरा डोळा. महावीरांची आई त्रिशला, तिची चौदा स्वप्नं एकाच पानावर. आणि पानाच्या मधोमध रंगीत ठिपका! ताडपत्रं दोरीत ओवायला तिथे भोक असायचं. कागद आला, दोरी गेली, तरी जागा राहिली. चित्रांत मन अडकतंच, पण मी तुम्हाला लेखकाकडे बघायला सांगेन. पोथीच्या जगात लेखक म्हणजे नक्कल करणारा. तो आधी मजकूर लिहून चित्रासाठी चौकट मोकळी सोडे. चित्रकार नंतर येई. कधी समासात बारीक अक्षरात, इथे काय काढायचं त्याची सूचना सापडते. चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाचा पिवळा रंग फासलेला असतो. आपण 'तत्त्वाला हरताळ फासला' म्हणतो, तो हाच.

मग शेवटचं पान. पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, बहुधा संवत, गाव, लिहिणाऱ्याचं नाव मिळतं. अनेक पोथ्यांच्या शेवटी येणारा श्लोक मी आत्याला वाचून दाखवला: "भग्नपृष्ठकटिग्रीवा स्तब्धदृष्टिरधोमुखम् । कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत् ॥" पाठ, कंबर, मान मोडली, नजर थिजली, खाली मान घालून कष्टाने लिहिलंय, जपा. आत्या काही बोलली नाही. तिने पुढचं पान दोन्ही हातांनी उलटलं.

टिपणं घ्यायला पेन्सिलच न्या, शाईचं पेन नको. भिंग न्या, समासातली अक्षरं त्याशिवाय लागत नाहीत. आणि हात धुऊन पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबा.