चाळिशीनंतर सगळं माफ

जी गाडी ऑगस्ट 1980 मध्ये बनायची बंद झाली तिच्या इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, थ्रस्ट वॉशर (आधाराच्या चकत्या) मी सोमवारी रात्री जेवणं उरकल्यावर मोबाइलवरून मागवले आणि बुधवारी सकाळी पोस्टमन दाराच्या फटीतून टाकून गेला. पिझ्झ्यापेक्षा स्वस्त. दोन दिवस मी त्या पाकिटाकडे बघत बसलो होतो, कारण चिंचवडला बाबांच्या दहा वर्षांच्या गाडीचा आरसा तुटला तेव्हा डीलरने "मॉडेल बंद झालंय, बघतो" असं सांगून महिनाभर घोळवलं होतं.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर 1500, मॉडेल 1978. जुने वाचक ओळखतात तिला. नवीन वाचकांसाठी: दोन सीट, उघडं छप्पर, रुंदी दीड मीटरच्या आत, आणि बनलीय इथेच, इंग्लंडात, आमच्या कॉव्हेंट्रीत, कॅन्लीच्या कारखान्यात. तो कारखाना पाडला, आता तिथे ऑफिसं आणि रिटेल पार्क आहे, रस्त्यांची नावं तेवढी हेराल्ड अव्हेन्यू, डोलोमाइट अव्हेन्यू अशी उरलीत. पुण्याचे मित्र विचारतात, "अरे ट्रायम्फ तर चाकणला बनते ना?" ती मोटरसायकल. बजाज बनवतं ती. कार आणि मोटरसायकल कंपनी 1936 सालीच वेगळ्या झाल्या, कारचं नाव आता बीएमडब्ल्यूच्या खिशात आहे आणि ते काही ते बाहेर काढत नाहीत.

तर मी ही गाडी उघडली तेव्हा लेक झाली नव्हती. इंजिन बाहेर काढून स्टँडवर लावलं, सीट काढल्या, कार्पेट काढलं, आणि मग जे घरोघरी होतं तेच झालं. लेक झाली, कोविड आला, मुलगा झाला. इथे ना आजी ना मावशी, नर्सरीची फी बघून आधी वाटलं चुकून वर्षाची सांगतायत, बायकोच्या हॉस्पिटलातल्या नाइट, शनिवारी स्विमिंग, रविवारी मराठी शाळा. गाडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर मंडळाच्या गणपतीचं मखर, मखराच्या बाजूला लेकीची लहान झालेली सायकल, आणि डिकीत डायपरचे खोके कारण ऑफरमध्ये होते. दर व्हिडिओ कॉलला आई विचारणार, "ते डबडं अजून ठेवलंयस?" आणि त्या जोडीला, "तेवढ्या पैशात इथे फ्लॅटचे हप्ते गेले असते."

आता यावर माझं म्हणणं ऐका. ऑफिसातले लोक गोल्फवर, सीझन तिकिटांवर जे उडवतात त्याच्या निम्माही माझा खर्च होत नाही. शिवाय गाडी उभी ठेवायला खर्च शून्य. इथे तुम्ही सरकारला ऑनलाइन कळवायचं की गाडी रस्त्यावर नाही, स्वतःच्या जागेत उभी आहे. टॅक्स बंद, इन्शुरन्स सक्तीचा नाही, आणि एकदा कळवलं की दरवर्षी परत कळवायची गरज नाही. एवढ्या वर्षांत मला एकाने विचारलं नाही की बाबा गाडीचं काय करतोयस.

आणि रस्त्यावर आणली की अजून मजा. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ (फॉर्म मात्र दरवर्षी भरायचा, शून्य पाउंडाचा, इंग्रजाला फॉर्म सोडवत नाही), आणि गाडीत मोठे बदल केले नसतील तर 2018 पासून वार्षिक तपासणीही माफ. मी चाळिशी ओलांडली तेव्हा मला काय माफ झालं? चष्मा लागला. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करा, फिटनेस करा, वर ग्रीन टॅक्स भरा. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले खरे, पण पन्नास वर्षं लागतात, नोंदणीचे वीस हजार, आणि रोज चालवायची नाही ती नाहीच. आता लगेच कमेंट येईल की तिकडे धूर नाही, गाड्या कमी, म्हणून परवडतं. बरोबर आहे. दिल्लीच्या हवेत चाळीस वर्षांच्या गाड्या फिरवा असं मी म्हणत नाहीये. मी फक्त इतकंच म्हणतोय की जुन्या वस्तूला गुन्हेगारासारखं वागवू नका.

आता त्या वॉशरबद्दल थोडं, कारण घरात कोणी ऐकत नाही. या इंजिनाचा जगजाहीर रोग आहे तो. क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही अंगांना एकेक अर्धगोल चकती असते. क्लच दाबला की सगळा जोर मागच्या चकतीवर. झिजत झिजत इतकी पातळ होते की एक दिवस सुटून खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) पडते आणि मग क्रँक लोखंडाला लोखंड घासत बसतो, ब्लॉकच जातो. स्क्रूड्रायव्हरने पुली पुढे-मागे ढकलून बघितली तर माझा क्रँक चक्क डोळ्याला दिसेल इतका हलत होता. नवीन चकतीवर तेलाचे चर असतात, ते बाहेर, क्रँकच्या बाजूला यायला हवेत. एक चकती अंगठ्याने बेअरिंगच्या कडेने सरकवत गेलो आणि ती टक् करून बसली, तेव्हा लेकीला हाक मारली. ती येऊन म्हणाली, "एवढीशी?"

त्याआधी इंजिन फिरतच नव्हतं हे राहिलंच. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं, रोज रात्री पुलीच्या नटावर पाना लावून थोडा जोर द्यायचा आणि झोपायला जायचं, आणि एका रात्री पाना हळूच सरकला. मागच्या ब्रेकचे सिलिंडर मात्र जाम ते जामच, नवीन मागवले. इथल्या नोव्हेंबरची ओल गॅरेजमध्ये सगळ्याला खाते. पेट्रोलचे पाइपही सगळे बदलले, कारण मधल्या काळात सप्टेंबर 2021 ला इथे साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल आलं आणि जुनं रबर त्यात सडतं. तुमच्याकडे ई-20 वरून भांडणं चाललीत ते वाचतोय. इथे निदान महागड्या पेट्रोलमध्ये अजून 5 टक्क्यांचाच पर्याय ठेवलाय.

पण सगळंच कौतुक करायला नको. पार्ट मिळतात, माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर तासाचा दर ऐकून परत पाना हातात घ्यावासा वाटतो. नाना पेठेत हा क्रँक नेला असता तर कुणीतरी नुसता हातात घेऊन सांगितलं असतं किती झिजलाय, शेजारच्याने लेथवर चकती काढून दिली असती, चहा पाजला असता आणि संध्याकाळी इंजिन चालू. ते कसब इथे कॅटलॉगच्या नंबरांत बुडालंय. अर्थात मी मेकॅनिकल इंजिनिअर, पण पुण्यात असतो तर हात काळे केले असते का? तिथे ते "त्यांचं" काम. इथे मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन वेल्डिंग शिकलो, माझ्या बाजूला एक शेतकरी आणि एक निवृत्त शिक्षिका होती, आणि गाडीचे दोन्ही सिल (दाराखालचे पत्रे) मी स्वतः लावले. दारांच्या फटी सारख्या आल्यात. येऊन बघा.

आणि एक गोष्ट मी इथल्या लोकांना आवर्जून सांगतो. स्पिटफायरची चॅसी (खालचा सांगाडा) म्हणजे हेराल्डची चॅसी आखूड करून केलेली. हेराल्ड म्हणजे आपली स्टँडर्ड हेराल्ड, 1961 पासून मद्रासला बनायची ती. इंग्रजांनी आयुष्यभर दोन दारांचीच सलून (बंद छपराची गाडी) बनवली, चार दारांची मद्रासवाल्यांनी केली. ती बाहेर कुठे बनलीच नाही. आमच्या आळीतल्या डॉक्टरांकडे होती, बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटायचं आणि आम्ही पोरं गोळा व्हायचो. माझ्या गाडीचंही तस्संच उलटतं. हे ऐकल्यावर म्हातारे इंग्रज एकदम गप्प होतात आणि मग चार दारांच्या गाडीचा फोटो मागतात.

पुढचं काम वायरिंगचं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीआधी होईल असं बायकोला सांगितलंय, तिने ऐकून घेतलं. दरम्यान एक मागणं: कोणाच्या घरात, जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे "स्टँडर्ड" लिहिलेला हेराल्डचा बॅज पडला असेल तर कळवा. बॉनेटच्या आतल्या बाजूने लावायचाय. पोस्टाचा खर्च माझा, आणि किमतीबद्दल आईला सांगू नका.